बाविसाव्या मजल्यावरची गल्ली

रत्ना गजभियेच्या नाकावर राग असतो हे तिच्या पेशंटांना पहिल्याच दिवशी कळतं. ती प्रेमळ आहे हे कळायला मात्र चार-दोन भेटी जाव्या लागतात. नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली, तिथंच फिजिओथेरपी शिकलेली ही बाई बरीच वर्षं जर्सी सिटीत घरोघरी जाऊन लोकांना पुन्हा पायांवर उभं करते. खांद्याला बॅग, पायात मळखाऊ स्नीकर्स आणि तोंड अखंड चालू. नवरा अनुप रोज ट्रेननं नदीपलीकडे मॅनहॅटनला बँकेत जातो. मुलगी आन्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देते आणि आईचा ओरडा मात्र मराठीतच खाते. हॉलमध्ये बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली बुद्धाची मूर्ती, आणि सोफ्यावर न घडी घातलेले कपडे. असं चारचौघांसारखं घर.

तिची काम करायची पद्धत तेवढी चारचौघांसारखी नाही. एजन्सीतले बाकीचे लोक "वन, टू, थ्री, व्हेरी गुड" करत व्यायाम घेतात. रत्ना म्हणते, आधी माणसाला बोलतं करायचं, चालतं तो आपोआप होतो. एका रिटायर्ड न्हाव्याला तिनं दाढी कशी करतात ते दाखवा म्हणून हट्टानं उभं केलं होतं. म्हातारा हवेत वस्तरा फिरवत आरशापुढं पाच मिनिटं उभा राहिला, आणि आपण उभे आहोत हे त्याच्या नंतर लक्षात आलं. ही गोष्ट ती इतक्यांदा सांगते की अनुप हल्ली शेवट तिच्या आधी सांगून मोकळा होतो.

तर अशा बाईच्या वाट्याला ल्युंग आले.

ब्याऐंशी वर्षांचे. मूळचे चीनमधल्या ग्वांगझूचे. तरुणपणी ते तिथं एका हॉटेलात वेटर होते. व्यापारमेळ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना चहा देता देता इंग्रजी शिकलेले. इंग्रजी मोडकं, पण जोरकस. बायको गेल्यावर एकुलत्या एका मुलीनं, वाईयिननं, त्यांना इथं आणलं होतं. ती मोठ्या फायनान्स कंपनीत कामाला, बाविसाव्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, खिडकीतून हडसन नदी. कुणालाही हेवा वाटावा असं सगळं. पण ल्युंग बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि म्हाताऱ्यानं जी हाय खाल्ली ती खाल्लीच. हाड जुळलं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले आता चाला. हे ढिम्म हलेनात. नदीकडं पाठ करून खुर्चीत बसायचे.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ल्युंग! आज उभं राहायचं ना?"

"नो."

"निदान पाय तरी हलवू."

"नो."

पहिल्या भेटींचं सगळं संभाषण एवढंच. चालायला लागलं पाहिजे, असं मात्र त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. कारण वाईयिनशी त्यांचा करार झाला होता. त्यांना परत ग्वांगझूला जायचं होतं, आपल्या जुन्या घरी. खालच्या मजल्यावर भाचा राहत होता, तो बघायला तयार होता. पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टचं नाव नाही. वाईयिन म्हणाली होती, "तुम्ही जिना चढून दाखवा, मी तिकीट काढते. नाही चढलात तर विषय बंद." इतकं स्वच्छ. आणि इन्शुरन्सवाल्यांनी भेटी दिल्या होत्या मोजक्याच. त्या संपल्या की रत्ना जाणार, आणि रत्ना गेली की म्हातारा त्या खुर्चीतच मुरणार, हे रत्नाला दिसत होतं. जीव चालायला आसुसलेला आणि शरीर भीतीनं गोठलेलं, असे पेशंट तिनं पुष्कळ पाहिले होते. तिला त्यांचा रागही यायचा आणि कणवही.

मग ती चूक घडली.

त्या दिवशी दारात बूट काढताना तिचं लक्ष खाली गेलं. चपलांच्या रॅकला लागून, जमिनीवर, एक लाल रंगाचं लाकडी खोकं होतं. त्यात वीतभर उंचीचा मातीचा म्हातारा, हसरा, शांत. पुढं दोन संत्री आणि उदबत्तीची राख. बुद्धाची मूर्ती, आणि चपलांपाशी! बरं, या बुद्धाला पांढरी दाढी कुठून आली, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारायला हवा होता. पण चिनी लोकांचा बुद्ध असा असेल, असं ठरवून ती मोकळी झाली. तिनं मूर्ती अलगद उचलली, बाहीनं पुसली, आणि हॉलमधल्या सगळ्यांत उंच फळीवर, वाईयिनच्या पदवीच्या फोटोशेजारी, नीट मधोमध ठेवली. वर हातही जोडले.

"नो! नो, नो, नो!"

रत्ना दचकून वळली. आणि बघते तर काय, ल्युंग उभे! खुर्चीचे हात सोडून, एक हात टेबलावर, दुसरा हवेत, चेहरा लालेलाल. वॉकर दोन हात लांब पडलेला. आपल्या भाषेत ते जे काही बोलत होते त्यातलं अक्षर कळत नसलं तरी आईवरून नसावं एवढीच रत्ना आशा करत होती. माफी मागावी की टाळ्या वाजवाव्या, तिला कळेना. ती धावत गेली आणि त्यांच्या कमरेला हात घातला.

"बाप्पा! तुम्ही उभे आहात, काका!" ती नागपुरी मराठीतच ओरडली.

"तो खाली!" ल्युंग इंग्रजीत गरजले. "तो जमिनीचा. जमिनीचा देव वर काय करणार? विमान उडवणार?"

मग सगळा उलगडा झाला. तो बुद्ध नव्हताच. तो दाराचा राखणदार, जागेचा मालक. त्याची जागा उंबऱ्याशी, जमिनीला टेकून. घरात येणाऱ्याचे पाय तो बघतो. रत्नानं कान पकडले. देवबिव ती मानत नाही, पण कुणाच्या घरातल्या म्हाताऱ्याला उचलून फळीवर बसवायचं म्हणजे जरा जास्तच झालं होतं. तिनं तो परत खोक्यात नेऊन ठेवला आणि संत्री पुढं सरकवली. ल्युंगना हसू आवरेना. हसता हसता ते हळूच खुर्चीत बसले, आणि म्हणाले, "आमच्या गल्लीत प्रत्येक दाराशी असतो."

"गल्लीत? कुठली गल्ली?"

बस. तिथून सुरुवात झाली.

ग्वांगझूच्या जुन्या पश्चिम भागाला सायक्वान म्हणतात. व्यापाऱ्यांची वस्ती होती ती, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची घरं. मोठ्या रस्त्यावर खाली दुकानं आणि वरची घरं खांबांवर पुढं आलेली, त्यामुळं पाऊस असो, ऊन असो, माणूस छत्रीशिवाय मैलभर चालतो. आत वळलं की दगडी फरशांच्या गल्ल्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरायचं. दाराला आडव्या गोल दांड्यांचं सरकतं फाटक, वारा आत येतो आणि चोर बाहेर राहतो. ल्युंग खुर्चीत बसून हातवाऱ्यांनी सगळं दाखवत होते.

"मला नाही समजत असं," रत्ना म्हणाली. ती खोटं बोलत होती. "चालून दाखवा."

आणि तिनं फ्लॅटचं दार उघडलं.

बाहेर बाविसाव्या मजल्याचा कॉरिडॉर. करडा गालिचा, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, टोकाला लिफ्ट. ल्युंगनी वॉकर धरला, डोळे बारीक करून त्या कॉरिडॉरकडं पाहिलं, आणि पहिलं पाऊल टाकलं. शेजारचं दार तांब्याच्या भांड्यांचं दुकान झालं. "इथं दिवसभर ठोकाठोकी. आई म्हणायची, कान असलेल्या माणसानं इथं घर घेऊ नये." समोरचं दार कडू चहाचं. औषधी मुळ्या उकळून केलेला काळा चहा, ताप आला की एक वाटी, राग आला की दोन. "म्हणजे आमचा काढाच की!" रत्ना म्हणाली. "आमच्याकडं राग आला तरी काढा देत नाहीत, नाहीतर मी त्यावरच जगले असते." त्याच्या पुढं म्हशीच्या दुधाची साय धरून थिजवलेली गोड वाटी मिळणारं दुकान. तिथं ल्युंग थांबले आणि त्यांनी तोंडाला सुटलेलं पाणी खरोखर गिळलं. कुत्रं फिरवायला निघालेल्या एका बाईनं दार उघडलं, तेव्हा ल्युंगनी तिला अदबीनं वाट दिली. गल्ली अरुंद होती ना.

पुढच्या भेटीपासून रत्नानं आपली सगळी अक्कल त्या गल्लीत ओतली. पाय उचलून टाकायचा व्यायाम हवा म्हणून टॉवेलची गुंडाळी करून आडवी ठेवली आणि म्हणाली, "हा उंबरा." ल्युंग एरवी पाय फरफटत नेत. पण उंबऱ्यावर पाय द्यायचा नसतो, हे त्यांच्याकडंही आणि आपल्याकडंही आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. म्हाताऱ्यानं गुडघा असा उचलला की रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. वळायला शिकवायचं तर लिफ्टपाशी कालवा आला. कालव्याच्या काठी मोठं झाड, झाडाखाली म्हातारी मंडळी जुन्या नाटकातली पदं गात बसलेली, आणि ऐकणारे त्यांच्या चुका काढत उभे. मध्यंतरी तो कालवा बुजवून रस्ता केला होता, मग पुन्हा खणून पाणी सोडलं, हेही ल्युंगनी सांगितलं. "म्हणजे मी तरुण होतो तेव्हा पाणी. मग रस्ता. मी म्हातारा झालो, पुन्हा पाणी."

रत्ना घरी जाऊन फोनवर सायक्वानचे व्हिडिओ बघू लागली. लोकांनी चालता चालता घेतलेले, तासातासाचे. भाजी चिरताना, ट्रेनमध्ये, झोपण्याआधी.

"मम्मा, यू हॅव नेव्हर इव्हन बीन देअर," आन्या म्हणाली.

"रोज जाते मी," रत्ना म्हणाली. "तू तुझी थाळी उचल."

अनुप म्हणाला, "यार, इतकी वर्षं झाली, मी पेण आणि पनवेलमधला फरक सांगतोय तो हिला कळत नाही, आणि चीनमधल्या गल्ल्या पाठ!" पण एकदा ल्युंगपुढं शहाणपणा करायला ती म्हणाली, "तांब्याच्या दुकानावरून डावीकडं वळलं की कालवा जवळ पडतो ना?" तेव्हा ल्युंगनी थांबून तिच्याकडं दयेनं पाहिलं. "ती गल्ली बंद आहे. भिंत लागते. पर्यटक सगळे तिथंच फसतात."

वॉकर गेला, काठी आली. ल्युंग आता कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागले. तोंडात सतत कुणाकुणाची नावं, कुठल्या दुकानदाराची सून भांडकुदळ होती, कुठल्या माडीवर रंगीत काचांची खिडकी होती. उरला होता फक्त जिना.

आणि नेमकं तेव्हाच वाईयिनला कळलं.

ती त्या दिवशी घरूनच काम करत होती. कॉरिडॉरमधला आवाज ऐकून बाहेर आली. बाबा कालव्याकाठी उभे राहून काठीनं ताल धरून गात होते, आणि रत्ना कालव्यात पडू नये म्हणून भिंतीला चिकटून उभी होती. बाबा आत जाऊन बसल्यावर वाईयिननं रत्नाला लिफ्टपाशी गाठलं.

"हे बंद करा," ती म्हणाली. आवाज एकदम थंड. "व्यायाम घ्या, बाकी काही नको. आधी ते आठवड्यातून एकदा घराचं नाव काढायचे. आता दिवसभर दुसरं काही नाही. तुम्ही त्यांना बरं करत नाही, घराचं वेड लावताय."

रत्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण घर तिचं, बाप तिचा. रत्नानं ओठ मिटले आणि "ओके" म्हणाली.

पुढच्या भेटीला ती आली, वन, टू, थ्री म्हणाली, व्हेरी गुड म्हणाली. ल्युंगनी तिच्याकडं पाहिलं. "आज गल्ली नाही?"

"नाही, काका."

म्हातारा परत खुर्चीत जाऊन बसला. जिन्यावर नेलं तर पहिल्या पायरीशीच गुडघे कापायला लागले. त्याच्या पुढच्या वेळी तर दाराबाहेरच यायला तयार नाही. "नो." पुन्हा तोच शब्द. आता फक्त एक भेट उरली होती, आणि रत्नाला त्या रात्री धड झोप लागली नाही. एवढं हातातोंडाशी आलेलं असं जाऊ द्यायचं?

शेवटच्या भेटीला ती वेळेच्या आधीच पोचली. वाईयिन स्वयंपाकघरात होती, तिनं आज सुट्टी घेतली होती. रत्नानं बॅग खाली ठेवली आणि राग गिळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"एक विचारते, खरं सांगा. तुम्हाला बाबा चालायला हवेत की नको?"

वाईयिननं नळ बंद केला.

"हवेत," ती म्हणाली. "पण चालायला लागले की जाणार. मग?"

हे रत्नाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलगी काम-काम करणारी, बापाला अडकवून ठेवणारी, असा तिनं तिच्यावर शिक्का मारून ठेवला होता.

"आई गेली तेव्हा सीमा बंद होत्या," वाईयिन सांगू लागली. "मी सगळं फोनवर पाहिलं. बाबांचा भाचा फोन धरून उभा होता, मध्येच त्याचा हात दुखला तर चित्र हललं. मी ओरडले त्याच्यावर, नीट धर म्हणून. आता बाबाही तिकडंच गेले, आणि पुन्हा तसंच झालं तर? मी हे दुसऱ्यांदा नाही बघू शकत. मी वाईट मुलगी आहे, ठाऊक आहे मला."

"नाही हो," रत्ना म्हणाली. "माझे बाबाही तसेच गेले. नागपूरला, कोविडमध्ये. मीही फोनवरच." तिनं वाईयिनच्या दंडावर हात ठेवला आणि दोघी तशाच सिंकपाशी रडल्या. हिशोब कुणाचाच चुकला नव्हता. बापाला जायचं होतं आणि मुलीला ठेवून घ्यायचं होतं, आणि दोघांचंही खरं होतं.

तरी भेट शेवटची होती. जिना एकदा करायचाच होता.

ल्युंग आढेवेढे घेत जिन्यापर्यंत आले. इमारतीचा आगीच्या वेळचा तो जिना. सिमेंटचा, थंड, लोखंडी कठड्याचा. एकविसाव्या मजल्यावर लिफ्टनं उतरायचं आणि तिथून चढून आपल्या मजल्यावर यायचं, असं ठरलं. वाईयिन वर दारापाशी थांबली. रत्नानं त्यांच्या कमरेला पट्टा बांधला आणि मागं, खालच्या पायरीवर उभी राहिली. "चढताना चांगला पाय आधी, काका. घाई नाही."

पहिल्या काही पायऱ्या झाल्या. मधल्या वळणावर आल्यावर म्हातारा थांबला. कठडा दोन्ही हातांनी धरला. पाय थरथरत होते, मानेवर घाम. रत्नाला पट्ट्यातून त्यांचा श्वास जाणवत होता. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, हा तिचा नियम. ओढून वर नेलेला माणूस तिकडं कुणाच्या भरवशावर चढणार?

"बसू," ल्युंग म्हणाले. "बस झालं. मी इथंच बरा."

इथंच बरा. वाईयिनला हवं होतं ते हेच. ल्युंगनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. ती वर दाराच्या चौकटीत उभी होती, हात छातीशी घट्ट बांधलेले. रत्नाच्या जिभेवर सगळी गल्ली आली होती, तांब्याची दुकानं, काढा, साय, सगळं. पण तिनं शब्द दिला होता, आणि आता तर तो मोडायचा हक्कही तिला आपला वाटत नव्हता. तिनं पट्टा तेवढा धरून ठेवला. म्हातारा गुडघे वाकवून बसायच्या बेतात होता.

आणि वरून आवाज आला. केवढ्यानं! जिना दणाणला. वाईयिन कठड्यावरून अर्धी वाकून, कमरेवर हात ठेवून, आपल्या भाषेत खाली ओरडत होती. वेगळाच आवाज. खणखणीत, वैतागलेला, लांबवर ऐकू जाईल असा. ऑफिसच्या फोनवरची वाईयिन नव्हतीच ती.

ल्युंगची वाकलेली पाठ ताठ झाली. ते काहीतरी पुटपुटले, लहान मुलानं करावी तशी तक्रार, आणि पाय उचलला. मग दुसरा. वाईयिन ओरडतच होती, आता तिचे गाल भिजले होते आणि आवाज फाटत होता, तरी ती थांबेना. म्हातारा पुटपुटत पुटपुटत चढत राहिला. शेवटची पायरी आली तशी वाईयिननं दार सताड उघडलं, आणि ल्युंग तिच्या खांद्याला हात लावून कॉरिडॉरमध्ये शिरले. काठीचा टकटक आवाज गालिच्यावर मऊ होत गेला.

रत्ना धापा टाकत वर आली. "काय म्हणालात त्यांना?"

वाईयिन दाराला टेकून उभी होती. "आई म्हणायची ते. ते कामावरून आले की खाली गप्पा मारत बसायचे, आणि ती वरच्या खिडकीतून ओरडायची. मासा थंड होतोय, गल्लीतल्या सगळ्यांशी बोलून झालं असेल तर आता वर या." तिनं तळव्यानं डोळे पुसले. "ते म्हणाले, आलो गं, आलो."

आत ल्युंगनी फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला.

"मी गप्प बसले असते ना," वाईयिन म्हणाली, "तर बाबा इथंच राहिले असते."

"हो," रत्ना म्हणाली.

वाईयिननं खिशातून फोन काढला आणि तिथंच, जिन्याच्या दारात उभी राहून, ती विमानांच्या वेळा बघू लागली.